शेवटच्याला पहिलं पाणी

मित्रांनो, दरवाजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घर येतं, कडी येते, पायपुसणं येतं. माझ्या नशिबी त्यातलं काहीच नाही. मी पाण्याचा दरवाजा आहे. जुना, लाकडी आणि आता एका अंगाला वाकलेला. माझ्यातून कधी कोणी पाहुणा आत आला नाही की रुसून बाहेर गेला नाही. माझ्यातून फक्त पाणी जायचं, तेही कोणी मला वर उचललं तर.

उंच डोंगरावर एक हिमनदी आहे. तिच्या पोटातून निघणारी नदी आमच्या गावाच्या कडेनं जाते आणि तिच्यातून निघालेला पाट गावच्या सफरचंदाच्या बागांना पाणी देतो. त्या पाटाच्या तोंडाशी बसवायला गावच्या सुतारानं मला घडवलं. जाड फळ्या एकमेकींत घट्ट बसवल्या, वरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या, डोक्यावर आट्यांचा दांडा आणि चाक बसवलं. चाक फिरवलं की मी वर, उलटं फिरवलं की खाली. सुतार तोंडाचा फटकळ होता. मला पहिल्यांदा पाण्यात सोडताना म्हणाला, "गळलास तर कोणी केलं ते सांगू नकोस." मी गळलो नाही. त्यानंतर मात्र त्यानं स्वतःच सगळ्या गावाला सांगितलं.

मला उचलणारा आणि खाली बसवणारा माणूस म्हणजे पाटकरी. पाणी कोणाच्या बागेत, किती वेळ, हे तोच बघायचा. गाव त्याला पाटकरी म्हणायचं आणि घरात त्याची बायकोसुद्धा तेच म्हणायची. त्यांना एकच मुलगी. तिचं नाव पडलं थोरली, कारण पुढे धाकटी येईल असं धरून चालले होते. धाकटी काही आली नाही, ही मात्र जन्मभर थोरली राहिली. लहान असताना ती माझ्या चाकाला लोंबकळायची आणि बापाचा ओरडा खायची. ती मला फार आवडायची.

आमच्या गावाची एक रीत होती, शेवटच्याला पहिलं पाणी. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागला की पहिली पाळी पाटाच्या अगदी टोकाच्या बागेची, मग तिच्या अलीकडची, असं करत सगळ्यात शेवटी तोंडापाशी बसलेल्यांची. तोंडापाशी असलेला कसाही आपली तहान भागवतोच, मरण टोकाच्याचं असतं, हे जुन्या लोकांनी ओळखलं होतं. या एका रीतीमुळे आमच्याकडे पाण्यावरून कधी डोकी फुटली नाहीत. मला तिचा अभिमान होता, जणू ती मीच काढली होती.

त्या काळी हिमनदीचा हिशेब सरळ होता. हिवाळ्यात जेवढा बर्फ पडायचा जवळजवळ तेवढाच उन्हाळ्यात वितळायचा, त्यामुळे नदी दरवर्षी साधारण तेवढीच. मग हळूहळू जग तापू लागलं. आम्हाला कुठे कळतंय? आम्हाला एवढंच दिसलं की नदी फुगली. माझ्या छातीवर पाणी असं रेटायला लागलं की फळ्या करकरायच्या. भर उन्हाळ्यातही पाट काठोकाठ. लोक खूश. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या लोकांनी अंथरूण पाहिलं, ते लांबलचक दिसलं, आणि त्यांनी पाय पसरले. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

गावापलीकडे रेताड माळ होता. तिथपर्यंत जुना पाट लांबवायचं ठरलं. नव्या पाण्याला जुना लाकडी दरवाजा पुरणार नाही म्हणून पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार आलं आणि मला उचलून नवा पाट सुरू होतो तिथे बसवलं. लोखंडी दार दिसायला रुबाबदार होतं, कुरकुरायचंही कमी. मला वाईट वाटलं. पण समोर सगळा माळ हिरवा होणार होता आणि ते पाणी माझ्यातून जाणार होतं, तेव्हा मी ते गिळलं.

माळाचे तुकडे पाडून नव्या जोडप्यांना द्यायचे होते. दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर पाण्याजवळच्या जमिनीवर उड्या पडल्या असत्या. आमच्याकडे उलटंच. सगळ्यांना हवा होता तो टोकाचा तुकडा, कारण शेवटच्याला पहिलं पाणी! चिठ्ठ्या टाकल्या. थोरलीचं नुकतंच लग्न झालं होतं. टोकाचा तुकडा तिला आणि जावयाला लागला. पाटकरी त्या दिवशी माझ्या चाकाला तेल घालता घालता चक्क शीळ घालत होता.

"नशीब काढलंस," तो लेकीला म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यांच्या आधी तुझी झाडं पाणी पितील."

त्याच सुमारास हिमनदी मोजणारी एक बाई गावात आली. उन्हानं रापलेली, पायात जाड बूट, पाठीवर बोजा. वरून उतरली की ती माझ्या कठड्यावर टेकायची. गावप्रमुखानं तिला चहा दिला आणि विचारलं, "काय म्हणतोय आमचा बर्फ?"

"मागे हटतोय," ती म्हणाली. "एवढ्या उष्णतेत त्याचं खालचं अंग टिकत नाही. वर जिथे थंडी पुरेल तिथे जाऊन तो थांबेल. तोवर तुम्हाला पाणी भरपूर. तो थांबला की कमी."

"कमी म्हणजे पूर्वीइतकं?"

"पूर्वीपेक्षाही कमी. आणि मग तेवढंच."

"म्हणजे आम्ही व्याज समजून मुद्दल खातोय म्हणा की!" गावप्रमुख हसत म्हणाला.

"अगदी तसंच," बाई म्हणाली. ती हसली नाही. बाकी सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "बाई, भरल्या पाण्याकाठी बसलाय, जरा शुभ बोला की!" तिनं कप खाली ठेवला आणि बोजा उचलला.

पुढची वर्षं अशी गेली की बाईचं बोलणं कोणाला आठवावंसं वाटलं नाही. थोरलीची रोपं गुडघ्याला आली, कमरेला आली, डोक्यावर गेली. ती आणि जावई माळावरच घर बांधून राहिले. पहिली फळं तिनं बापाला आणून दिली. पाटकऱ्यानं एक फळ माझ्या कठड्यावर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुझं." मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते.

मग एका उन्हाळ्यात नदी रोडावली. लोक म्हणाले, वर्षच वाईट. पुढच्या वर्षी तेच. तेव्हा म्हणाले, दोन वाईट वर्षं एकापाठोपाठ येतातच. त्यानंतर मात्र कोणी काही म्हणेना. पाणी माझ्या पायाशी घोट्याएवढं येऊन पुढे सरकायचं.

पाटकरी रीत पाळत राहिला. पहिली पाळी टोकाची. पण टोक आता फार लांब गेलं होतं. जुन्या बागा तहानेनं पानं गुंडाळून उभ्या असायच्या आणि त्यांच्या समोरून पाणी माझ्यातून माळावर जायचं. माळाची वाळू ते वाटेतच प्यायची. थोरलीच्या झाडांपर्यंत पोचायचं ते पाणी नव्हे, नुसती ओल. शेवटच्यालाही धड नाही आणि पहिल्यालाही नाही. मी ते रोज पाहायचो आणि मला स्वतःची लाज वाटायची.

गावात कुजबुज सुरू झाली. मग उघड बोलू लागले.

"लेकीसाठी गावाचं पाणी मातीत ओततोय हा!"

"रीत आहे ती," पाटकरी म्हणायचा. "मी काढलेली नाही."

"रीत माणसांसाठी का वाळूसाठी?"

खरं सांगायचं तर तो रीतही पाळत होता आणि लेकही सांभाळत होता. दोन्ही खरं होतं. त्यातलं एक असतं तर त्याचं काम सोपं झालं असतं.

शेवटी गावानं त्या बर्फवाल्या बाईला निरोप धाडला. ती आली, वर जाऊन आली. गावप्रमुखानं या वेळी थट्टा केली नाही. "बाई, एवढंच सांगा, नदी पुन्हा ताळ्यावर कधी येईल?"

"ती ताळ्यावर आलीच आहे," ती म्हणाली. "बर्फ जिथे टिकायचा तिथे जाऊन टिकलाय. आता हिवाळ्यात पडेल तेवढंच उन्हाळ्यात वितळेल. हे कमी पाणी नाही, हेच तुमचं पाणी. आणि उष्णता आणखी वाढली, तर हेही राहणार नाही."

मित्रांनो, मी पूर सोसले आहेत. पण मला भीती वाटली ती त्या दिवशी. संकट असलं की ते टळेल म्हणून वाट तरी बघता येते. इथे टळायला काही उरलंच नव्हतं. नदीनं आपला तोल सावरला होता, आणि त्या तोलात माळ नव्हता.

नवा पाट बंद करायचं ठरलं. दुपारी पाटकरी माझ्यापाशी आला. चाकाला दोन्ही हात लावले आणि तसाच उभा राहिला. माळाकडून थोरली चालत आली.

"बाबा, व्हा बाजूला."

"तू नको. तुझ्या हातानं नको गं."

"मग कोणाच्या? तुम्ही बंद केलंत तर तुमच्याकडे बघताना जन्मभर मला हेच दिसेल. मी केलं तर निदान तुमच्या घरी जेवायला तरी येता येईल."

तो बाजूला झाला. तिनं चाक धरलं. ज्या पोरीनं माझ्या चाकाला लोंबकळून ओरडा खाल्ला होता, तिच्यासाठी मी त्या दिवशी जीव खाऊन अडून बसलो. फळ्या फुगवल्या, दांडा करकरवला. तिनं दात ओठ खाऊन अंगाचा भार टाकला. मी खाली गेलो आणि गाळात रुतलो.

माझ्या पलीकडे थोडं पाणी उरलं होतं. ते माळाकडे निघालं, आणि थोरली त्याच्या कडेकडेनं, त्याच्याच चालीनं घरी गेली. पाटकरी ती दिसेनाशी होईपर्यंत तिथे बसून होता. मग तो तोंडावर रुमाल धरून रडला. माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

पुढच्या वसंतात माळावरची झाडं फुलांनी नुसती लगडली. लोक बघायला गेले. "पाण्यावाचून काही अडलं नाही की!" म्हणत परतले. पाटकरीही आशेला लागला. त्यानं मला पुन्हा तेल घातलं. पण झाडं जुन्या ओलाव्यावर फुलली होती, त्यांना अजून बातमी कळायची होती. फळं बोराएवढी होऊन गळली. त्यानंतरच्या वर्षी पालवी विरळ आली, मग शेंडे वाळले, मग फांद्या. मरायलासुद्धा झाडांना वेळ लागतो, आणि त्या वेळेला माणसं बरे दिवस म्हणतात.

थोरली आणि जावई दूरच्या शहरात कामाला गेले. ती वर्षातून एकदा येते, बापाच्या घरी जेवते आणि माळाकडे न बघता परत जाते.

माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. मला वाळवी लागली आहे, आणि तिला माझी चव आवडलेली दिसते. पण मित्रांनो, तुमच्यासाठी मागतो. जग तापलं तरी पुढे कुठेतरी जाऊन सगळं स्थिरावतंच, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ते खोटं नाही. स्थिरावतं. फक्त कुठे स्थिरावायचं हे ते आपल्याला विचारत नाही, आणि आपली वाट बघत थांबतही नाही. म्हणून जाळणं, उधळणं आत्ताच आवरा, नदी भरलेली दिसत असतानाच. आटल्यावर सगळेच शहाणे होतात. आमचं गावही झालं.

माळावरची झाडं पाटकऱ्यानं स्वतः तोडली. दुसऱ्या कोणाला त्यानं कुऱ्हाड लावू दिली नाही. लाकडं घरी नेऊन भिंतीला लावून रचली, हिवाळ्यात शेकायला म्हणून. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती लाकडं अजून तशीच आहेत, कारण पेटवावीत अशी थंडी त्यानंतर पडलेलीच नाही.