आई म्हणाली, पित्त आहे

“डॉक्टर, मला पाळी येणार आहे की नाही?”

विचारलं बाई एकदाचं! ट्यूशनमधल्या देवयानीने पैज लावलेली, दर्शना डॉक्टरसमोर तोंडच उघडणार नाही म्हणून. पंधरा पूर्ण झाली तरी आख्ख्या बॅचमध्ये मी एकटीच राहिलेली. बाजूला बसलेल्या आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की बस.

डॉक्टर मात्र शांत. माझ्या प्रतिकारशक्तीत जन्मापासूनच घोळ आहे. ती जंतू सोडून माझ्याच ग्रंथींवर तुटून पडते. सात वर्षांची असताना कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी गेल्या, तेव्हा बोटं आखडायची. बाराव्या वर्षी मूत्रपिंडांवरच्या. तेव्हापासून दिवसातून तीनदा स्टेरॉइडची गोळी, ती चुकली तर जिवावर बेतू शकतं.

“आता कदाचित बीजांडकोशांचा नंबर असेल,” डॉक्टर म्हणाल्या. “रक्त तपासू. पाळी गोळ्यांनी आणता येते, घाबरू नकोस.”

घाबरू नकोस म्हटलं की मी जास्तच घाबरते.

“आणि ताप-उलट्या झाल्या तर गोळी वाढवायची, गोळी पोटात टिकली नाही तर लगेच इंजेक्शन, हे मैत्रिणींना माहितीये ना?”

मी आईकडे बघितलं.

“त्यांना कशाला, मॅडम?” आई म्हणाली. “मुलीची जात आहे. लोक लक्षात ठेवतात.”

“लक्षात ठेवावं म्हणूनच सांगायचं.”

आईने मान हलवली. पण घरी, ठाकुर्लीला आल्यावर गोळ्या पुन्हा व्हिटॅमिनच्या डबीत आणि इंजेक्शन कपाटात साड्यांच्या खाली. तीन वर्षं हेच चाललंय.

पैज हरली म्हणून देवयानीने पाणीपुरी खिलवली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, डोंबिवलीत ट्यूशनला गेले आणि उलट्या सुरू झाल्या. पहिल्या उलटीत दुपारची गोळी गेली. मग दुसरी उलटी, तिसरी.

“ए, माझ्यावर बिल फाडू नकोस हां,” देवयानी पाठ चोळत म्हणाली. “मी पण तेवढ्याच खाल्ल्यात.”

मला हसायचं होतं, पण ओठ हलेनात. सुधीर सरांनी मला बाकावर आडवं केलं आणि आईला फोन लावला, स्पीकरवर. आई ठाण्याला ऑफिसात होती.

“काही नाही सर, पित्त आहे तिला. लिंबूपाणी द्या, पडू द्या. मी निघतेच.”

मी ऐकलं. आई, खोटं का बोलतेस? गोळी टिकली नाहीये! पण बोलायला ताकदच नव्हती. फळा लांब लांब जायला लागला, हात गार पडले. ठाण्याहून यायला तिला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. मी इथेच, या बाकावर मरणार, आणि सगळे म्हणणार, पित्ताने गेली बिचारी.

कोणीतरी लिंबूपाणी ओठांना लावलं. मी सगळा जीव एकवटून देवयानीचं मनगट धरलं.

“पित्त नाही... स्टेरॉइड... हॉस्पिटल.”

ती किंचाळली, “सर, रिक्षा! ही पित्त नाही म्हणतेय!”

रिक्षात ती माझ्या गालांवर चापट्या मारत होती. “झोपू नकोस दर्शे! कसली गोळी? नाव सांग!” मी हायड्रोकॉर्टिसोन म्हटलं, तीन तुकड्यांत. कॅज्युअल्टीत तिने ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं. तिला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

शुद्ध आली तेव्हा हाताला सलाईन. पप्पा अंबरनाथहून कंपनीच्या गणवेशातच आलेले. आई पायथ्याशी, पदर तोंडात.

“तोंडातून तेच निघालं गं,” ती रडत होती. “सरांनी विचारलं आणि तेच निघालं.”

“इथले डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर...” पप्पांनी पुढचं गिळलं.

आईने डोळे पुसले. “बरं, देवयानीला आता कळलंच आहे. तिला म्हणावं, तुझ्यापाशीच ठेव.”

अजूनही! भीतीने माझे दात वाजत होते, पण मी उशीवरून उठून बसले.

“आई, पप्पा, ऐका. सोमवारी मी वर्गात उभी राहून सगळं सांगणार. आजाराचं नाव, गोळीचं नाव, इंजेक्शन कुठे टोचायचं ते. एक इंजेक्शन माझ्या दप्तरात राहणार. आणि सुधीर सरांना तू सांगायचंस, आई. फोनवर नाही. समोर जाऊन.”