अर्धा हवालदार

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं प्रूफ मंगळवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर आलं आणि पान एकवीस वाचून माझं डोकंच फिरलं. ‘२००९, गणेशोत्सव, महिलांची एकांकिका. हवालदार : मंजूषा व रत्नप्रभा.’ आता हा ‘व’ कुठून आला? हवालदार एक होता. त्याला मिशी एक होती आणि ती माझ्या ओठावर डिंकानं चिकटवली होती. काढताना कातडी सोलली, चार दिवस मला तिखट खाता येत नव्हतं. रत्नप्रभाताई त्या नाटकात चहावाल्या बाई होत्या.

मी तडक त्यांना फोन लावला. त्या भेल कारखान्याच्या वसाहतीतल्या. यजमान पुण्याहून इकडे हिंदी मुलखात नोकरीला आले, त्याला आता पस्तीस वर्षं झाली, तरी आम्हा मूळच्या नागपूरकरांचं बोलणं कानावर पडलं की बाईंच्या कपाळाला आठी पडते.

“ताई, हवालदार मी केला होता.”

“हो गं, तूच केला होतास.”

“मग तुमचं नाव तिथं काय करून राहिलं?”

पलीकडची आठी मला इथून दिसली. मग म्हणाल्या, “राहू देत ना दोन्ही नावं, मंजूषा. तुला आठवत नसेल तर असू दे.”

असू दे म्हणे! मला चांगलं आठवत होतं. शेवटच्या प्रवेशात हवालदाराचं लांबलचक भाषण होतं. महिनाभर कणीक तिंबताना, कपडे वाळत घालताना मी ते पाठ केलं होतं. आणि ऐन वेळी ही बाई किटली घेऊन मध्येच घुसली आणि माझं भाषण स्वतःच बोलून मोकळी झाली. टाळ्या पडल्या म्हणून मी तेव्हा गप्प बसले. सोळा वर्षं गिळलं, आणि आता अर्धा हवालदारही हिलाच द्यायचा? चोर तो चोर, वर शिरजोर.

मंडळाची सचिव वैशाली म्हणाली, “काकू, शनिवारी संध्याकाळी सहाला फाइल प्रेसमध्ये जाईल. काही पुरावा असेल तर त्याआधी पाठवा, मी नाव काढून टाकते.” तेव्हा मी मंडळाच्या ग्रुपवर सरळ लिहून टाकलं : ‘नाटकाची सीडी माझ्याकडे आहे. शनिवारपर्यंत सगळ्यांना दाखवते.’ ग्रुपवर दीडशे माणसं. वीस-पंचवीस अंगठे आले. रत्नप्रभाताईंनी वाचलं, पण काही लिहिलं नाही.

सीडी खरंच होती. कपाटात, बनारसी शालूच्या घडीत. मी ती कधी लावली नव्हती, कारण मी स्वतःच त्यात होते, मला बघायची काय गरज? आणि आमचे हे, नीळकंठराव, त्या वर्षी झाबुआच्या दौऱ्यावर होते. नाटक बघायचं राहिलं ते राहिलंच. पुढे दर रविवारी ‘बघू या एकदा’ असं म्हणत सोळा वर्षं काढली माणसानं.

आमचा कॉम्प्युटर २००७ चा. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमधून बाग सेवनियाच्या या घरात येताना ह्यांनी तो स्वतःच्या मांडीवर आणला होता. मागच्या खोलीत क्रोशाच्या झाकणाखाली असतो. चालू केला, झाला. बटण दाबल्यावर ट्रे बाहेर आला. सीडी ठेवली, ट्रे आत गेला. आतून घर्रर्र असा आवाज आला, मग टक टक टक, मग काहीच नाही. पडद्यावर लिहून आलं : कृपया ड्राइव्हमध्ये डिस्क टाका.

“टाकली आहे ना रे मेल्या!” मी म्हटलं.

हे धावत आले. यांच्या हातात स्क्रू काढायचा पेचकस असेल असं कोणालाही वाटेल, पण हातात होती फाइल. राज्य सरकारच्या एका कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस! घरात नळ गळला तरी आधी फाइल उघडतो. पुठ्ठ्यावर सुवाच्य हिंदीत विषय घातला : ‘सीडी ड्राइव के कार्य न करने बाबत.’

“अहो, आधी उघडून तर बघा.”

“आधी नोंद, मग पेचकस. नोंद नसली तर उद्या जबाबदारी कोणावर टाकशील?”

जबाबदारी म्हणजे यांचा जीव की प्राण. चौतीस वर्षांच्या नोकरीत यांनी जबाबदारी निश्चित केल्याशिवाय एक फाइल बंद केली नाही. कार्यालयातलं एक स्टेपलर हरवलं तेव्हा सात जणांचे जबाब घेतले होते.

पहिला संशय यांनी माझ्या सीडीवरच घेतला. ‘प्रथम दृष्टया दोष सीडी का प्रतीत होता है.’ मला इतका राग आला म्हणून सांगू! मग सत्यनारायणाच्या कथेची सीडी लावली, आमच्या मुलीच्या, क्षितिजाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची लावली. दोन्हींना तेच घर्रर्र, तेच टक टक. माझी सीडी निर्दोष सुटली, तशी नोंद मी यांच्याकडून समोर बसून लिहून घेतली.

बुधवारी केबल. डब्याची बाजू उघडली तर आत धुळीची गादी आणि पालीचं एक जुनं अंडं. ड्राइव्हची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, आणि आता कॉम्प्युटरच सुरू होईना. जेवणं झाली, यांचा चेहरा पडला, वरण यांनी मीठ न घालता खाल्लं. चार वाजता माझ्या लक्षात आलं की भिंतीवरचं बटणच बंद आहे. फाइलीत त्याची नोंद ‘विद्युत आपूर्ति बाधित’ अशी झाली. बाधित कोणी केली ते मात्र तिथं नाही.

गुरुवारी क्षितिजा बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर आली. तिच्या सांगण्यावरून ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम काढला, मशीन बंद करून चालू केलं, ड्रायव्हर आपोआप परत आला आणि घर्रर्रही परत आलं.

“बाबा, यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह मागवा ना. सोमवारपर्यंत घरी येईल.”

“जुनं निकामी घोषित झाल्याशिवाय नवीन खरेदी होत नसते.”

“बाबा, ते घर आहे!”

“म्हणूनच जास्त सांभाळावं लागतं. ऑफिसात निदान ऑडिट तरी होतं.”

सोमवारचा मला तसाही उपयोग नव्हता. शनिवारी पान एकवीस छापून जाणार होतं.

शुक्रवारी तर कहरच झाला. सीडी आत गेली आणि ट्रे बाहेर यायलाच तयार नाही. बटण दाबा, ठोका, विनवण्या करा, नाही म्हणजे नाही. एकुलती एक सीडी माझी! मी खुर्चीत बसून खरंच डोळे पुसले. क्षितिजानं सांगितलं की ट्रेच्या खाली बारीक भोक असतं, त्यात कागदाला लावायची यू-पिन सरळ करून खुपसायची. माझी साडीची पिन आखूड पडली. घरात यू-पिन एकच होती, ती या प्रकरणाच्या फाइलीला लावलेली. ती काढली तर नोंदींची पानं सुटी होणार. यांनी दोनदा फाइलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिन काढली. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्यासाठी केलेल्या मोठ्या गोष्टींत मी ही धरते. ट्रे अर्धा बाहेर आला, सीडी सुखरूप निघाली.

शनिवारी दुपारी शेवटी ड्राइव्हच बाहेर काढला. वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला आणि चार स्क्रू काढले. पत्रा उचलला आणि आम्ही दोघंही बघतच राहिलो. आत तांदूळ होते. पिवळे तांदूळ. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आपट्याच्या पानाचा चुरा, आणि जिथून उजेड पडतो त्या बारीकशा भिंगावर चक्क कुंकू.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

आता सांगतेच. दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळी, शिलाई मशीन, स्कूटर, आणि २००७ पासून कॉम्प्युटर. पहिल्या वर्षी मी पडद्याच्या वर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं तर यांनी आदेश टाइप करून भिंतीला चिकटवला : ‘संगणकाच्या दर्शनी भागावर हळदीकुंकू वाहू नये.’ दर्शनी भागावर नाही ना, नाही तर नाही. बटण दाबलं की ते यंत्र स्वतःहून हात पुढे करत होतं. मी त्यावर अक्षता, फूल, पान ठेवायची, बटण दाबायची, की नैवेद्य आत. इतकं समजूतदार अवजार घरात दुसरं नव्हतं. दर दसऱ्याला मी असंच करत आले. आणि मंगळवारपासून त्यालाच मेल्या म्हणून राहिले होते!

वाटलं, आता चौकशी, आता जबाब. पण यांनी जुन्या ब्रशनं एकेक तांदूळ काढला, कापसाला स्पिरिट लावून भिंग पुसलं. कापूस लाल झाला. स्क्रू लावले, केबल लावली, आणि या वेळी भिंतीवरचं बटण आधी बघितलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी घर्रर्र झालं, टक टक झालं नाही, आणि पडद्यावर आमचं स्टेज आलं.

हे खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. मी आले, मिशीसकट. चाल अशी रुबाबदार की मलाच माझं कौतुक वाटलं. “बघा,” मी म्हटलं, “कुठं आहे का तुमची रत्नप्रभा?” शेवटचा प्रवेश आला. हवालदार स्टेजच्या मध्यभागी आला, छाती काढून म्हणाला, “आता माझं ऐका!” आणि थांबला.

थांबलाच. मी माऊसकडे हात नेला. “पुन्हा अडकली वाटतं मेली.”

“नाही,” हे हळूच म्हणाले. “चालू आहे.”

चालू होती. मागचा पडदा हलत होता. माझी मिशी थरथरत होती. प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं, कोणीतरी फिदकन हसलं. महिनाभर पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द माझ्या तोंडातून फुटत नव्हता. मी विंगेकडे बघत होते, आणि ते बघणं मला आता बघवेना.

तेवढ्यात विंगेतून किटली आली, मागून रत्नप्रभाताई. “मंडळी, हवालदारसाहेबांचा घसा बसलाय. त्यांचं म्हणणं मी सांगते.” आणि माझं सबंध भाषण, एक शब्द न गाळता. स्वतःचं काम सोडून माझंही पाठ केलं होतं की काय कोण जाणे. प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे वळून विचारायच्या, “हो ना साहेब?” आणि मी जोरात मान हलवायची. मानेसरशी लोक पोट धरून हसत होते. इतकी वर्षं मी जपून ठेवलेल्या त्या टाळ्या त्या मानेला होत्या.

मला भयंकर लाज वाटली. चूक केल्याची तेवढी नाही, विसरल्याची जास्त. आणि नुसती विसरले नव्हते, उलट त्यांच्याच नावावर घुसखोरी मांडून बसले होते.

“मिशी छान दिसून राहिली होती,” हे म्हणाले. मग फाइल माझ्यापुढे सरकवली. “साक्षीदार म्हणून सही कर.”

शेवटची नोंद अशी होती : ‘दोष का कारण : अक्षत. अक्षत भीतर जाने का कारण : दर्शनी भाग संबंधी आदेश. उत्तरदायी : अधोहस्ताक्षरकर्ता. प्रकरण समाप्त.’ आणि खाली यांची सही. स्टेपलरसाठी सात जणांना उभं करणाऱ्या माणसानं माझे तांदूळ स्वतःच्या नावावर घेतले होते.

सहाला पंचवीस मिनिटं होती. मी सही केली आणि फोन लावला.

“ताई, दोन्ही नावं राहू द्या. तुमचं आधी छापायला सांगते.”

“सीडी चालली वाटतं,” रत्नप्रभाताई म्हणाल्या.

“चालली. तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत हो?”

“बोलले असते तर पुढच्या वर्षी तू स्टेजवर चढली असतीस का?”

पुढच्या वर्षी मी तहसीलदार केला. त्याच्या पुढच्या वर्षी खाष्ट सासू. एकूण नऊ नाटकं केली, आणि प्रत्येक वेळी विंगेत ही बाई उभी असायची. मला वाटायचं, जळते माझ्यावर.

मग मी ग्रुपवर शेवटच्या प्रवेशाची क्लिप टाकली, अगदी सुरुवातीपासून, मिशी थरथरते तिथूनच. खाली लिहिलं : ‘कबूल केल्याप्रमाणे पुरावा. वैशाली, पान एकवीस बरोबर आहे, फक्त माझं नाव दुसरं घे.’