गाडी आली तरच

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या रंगरावांनी आयुष्यात एकच अट घातली आणि ती मान्य झाली. इतकी मोठी आपत्ती त्यांच्यावर त्याआधी कधी आली नव्हती.

झालं असं, की त्यांचा एकुलता एक मुलगा शरत गेली अकरा वर्षं ऑस्ट्रेलियात, पर्थला. त्यातली शेवटची चार त्याने आईवडिलांना कायमचं तिकडे नेण्याच्या व्हिसापायी घालवली. कागद, शिक्के, डॉक्टरांच्या तपासण्या, पुन्हा कागद. रंगराव दर वेळी फोनवर म्हणत, "बघ बाबा, होतंय का," आणि मनात म्हणत, सरकारी काम आहे, आपल्या हयातीत होत नाही. ते झालं. शरतने व्हिडिओवर भरल्या डोळ्यांनी बातमी सांगितली आणि रंगरावांच्या तोंडून निघून गेलं, "माझी गाडी आली तरच मी येणार. नाहीतर नाही."

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. रंगरावांना पर्थला जायचंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते तीन महिने तिथे राहून आले होते. मोठं घर, स्वच्छ रस्ते, सून स्पंदना स्वभावाने लोण्यासारखी, नात वर्षिणी तर जीव की प्राण. पण बाहेर जायचं म्हणजे शनिवार उजाडायचा. शनिवारी शरत दार उघडून धरायचा, रंगरावांनी मागच्या सीटवर वर्षिणीच्या खुर्चीशेजारी बसायचं, आणि शरतने मागे वळून विचारायचं, "अप्पा, पट्टा लावला?" हेब्बाळच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे तीन महिने रोज टोचलं. म्हैसूरला परतल्यावर त्यांनी सामान दारात टाकलं, गाडी काढली आणि नुसती दोनशे ग्रॅम कॉफी पूड आणायला देवराज मार्केटपर्यंत गेले. तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला.

गाडी म्हणजे काही फार नव्हे. पांढरी, छोटी, चौदा वर्षांची, म्हैसूरच्या के.ए. ०९ नंबराची. तिची डावी काच वर करायला हाताने टेकू द्यावा लागे. पण मनात आलं की निघावं, कोणाला विचारावं लागू नये, वाटलं तर टी. नरसीपूरला जाऊन संगमावर पाय बुडवून जेवणाच्या वेळेला घरी यावं, हे सुख तिच्यात होतं. ते सोडायला रंगराव तयार नव्हते. तसं स्पष्ट सांगायचं धाडस मात्र त्यांच्यात नव्हतं, कारण चार वर्षं पोरगा खपलेला, आणि बायको तर एका पायावर तयार.

शांताक्का तयार आहे हे कोणी सांगायला नको होतं. रोज सकाळी वर्षिणीला फोनवर बघून ती पदराने डोळे पुसत असे. तिने दोन स्वेटर घेतले, मेतकूट केलं, सारिनपुडीचे, म्हणजे रस्समच्या मसाल्याचे, डबे भरले आणि गल्लीभर सांगून ठेवलं. रंगरावांनी सुज्ञपणे विचार केला, की आपण "नको" म्हणून वाईट होण्यापेक्षा ऑस्ट्रेलिया सरकारने म्हणावं. एवढी जुनी गाडी कोणता देश घरात घेईल?

पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. शरत त्यांचाच मुलगा. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, "अप्पा, ॲप्लाय केलंय."

"अरे, पण तिकडे गाड्या उलट्या बाजूने चालतात ना?"

"नाही अप्पा, इंडियासारख्याच. स्टिअरिंग उजवीकडे. तुम्ही मागच्या सीटवर होतात, म्हणून लक्षात नसेल."

हे रंगरावांना लागलं. तरी त्यांनी धीर सोडला नाही. गाडी जुनी आहे म्हणून नाकारतील, म्हणाले. तर स्वतःची, वर्षानुवर्षं वापरलेली, म्हणूनच मंजुरी मिळाली. मग कळलं, की गाडीत ॲसबेस्टॉस नाही असा दाखला लागतो. रंगरावांनी त्या दिवशी आनंदाने दोनदा कॉफी घेतली. असला दाखला म्हैसुरात कोण देतो? गाडी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा एजंट प्रद्युम्न टाय लावून घरी आला, म्हणाला, "टेन्शन बेडा, काळजी नको अंकल," आणि गॅस्केटचे तुकडे कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवून दहा दिवसांत दाखला घेऊन आला. ज्या देशात रेशनकार्डावरचं नाव बदलायला वर्ष लागतं, तिथे रंगरावांच्या वाईटावरची सगळी कामं कशी वेळेवर होत होती, देव जाणे.

शेवटची आशा होती सफाईची. ऑस्ट्रेलियावाले गाडीत माती, बी, पान, फूल, धान्य, किडा काही म्हणजे काही खपवून घेत नाहीत. शरतने तशी यादी पाठवली आणि आईला फोनवर तीनदा वाचून दाखवली, कारण वडील ऐकतात पण मनावर घेत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. "कळलं रे, कळलं," शांताक्का म्हणाली, "सुम्ने उगाच तेच तेच काय सांगतोस!"

शहराबाहेर कडकोळच्या शेडमध्ये गाडी धुवायला नेली. तिथली मुख्य कृष्णवेणी नावाची बाई, हातात बॅटरी, कमरेला छोटा ब्रश. तिने पुढच्या काचेखालची पट्टी उचकटली आणि आत बघून म्हणाली, "सर, ही गाडी आहे का देवघर?"

चौदा आयुधपूजा आत होत्या. दसऱ्याला म्हैसुरात सायकलीलासुद्धा हार चढतो. रंगरावांची गाडी तर दर वर्षी नवरीसारखी नटायची. एसीच्या जाळीतून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या. गालिच्याखाली अक्षता निघाल्या. सीटखाली सुपारीएवढं झालेलं लिंबू मिळालं. गाडीपुढे फोडलेल्या कोहळ्याच्या बिया चाकांनी उडून कुठेकुठे जाऊन बसल्या होत्या. डिकीत, स्टेपनीच्या खाली, ओल धरून मुगाला मोड आले होते.

"हे सगळं निघणं कठीण आहे, नाही?" रंगरावांनी आशेने विचारलं.

"निघेल सर," कृष्णवेणी म्हणाली. "तीन दिवस द्या."

तीन दिवसांनी गाडी इतकी चकचकीत झाली, की रंगरावांनाही ती परकी वाटली. दाखला मिळाला. गाडी घरी आणल्यावर चारी दारांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून सील लागलं. "आता हिला हात लावायचा नाही अंकल," प्रद्युम्नने बजावलं. "आज घरी उभी राहू दे. उद्या सकाळी ट्रक येईल, चेन्नई, मग बोट." रंगरावांनी दुसरी अट काढून पाहिली, की गाडी पोचल्याशिवाय आपण निघायचं नाही. तीही मान्य झाली.

दुसऱ्या दिवशी ट्रक दारात लागला. रंगराव किल्ली द्यायला बाहेर आले तर शांताक्का गाडीपुढे उभी, हातात तबक. हळद, कुंकू, नारळ, चार लिंबं आणि वाटीभर अक्षता.

रंगरावांच्या डोळ्यांपुढे शरतची यादी उभी राहिली. धान्य. बी. फळ. बायकोला थांबवायला त्यांनी तोंड उघडलं. "अगं..." म्हणाले.

"काय?"

इथे माणसाची परीक्षा होते. रंगराव दोन पावलं मागे सरले. "काही नाही. नीट कर पूजा. लांब जायलीय ती."

शांताक्काने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. नारळ वाढवला, त्याचं पाणी टायरवर शिंपडलं. मग मूठभर अक्षता घेऊन काचेवर टाकल्या. चाळीस वर्षांच्या संसारात शांताक्काचा नेम रंगरावांनी पाहिला होता. कुणाच्याही लग्नात तिच्या अक्षता वधूवरांना सोडून फोटोग्राफरच्या डोक्यावर पडायच्या. त्या दिवशी मात्र सगळ्याच्या सगळ्या वायपरखालच्या फटीत गेल्या. तिने आणखी एक मूठ टाकली. तीही तिथेच गेली.

आता प्रद्युम्न अडवणार, असं वाटून रंगरावांचा जीव वरखाली होत होता. यादी त्याला तोंडपाठ होती. त्यापायीच तर तो पगार घेत होता. प्रद्युम्नने बूट काढले, हात जोडले आणि तबकातल्या चार अक्षता उचलून स्वतःही टाकल्या. "दूरचा प्रवास आहे अंकल," तो म्हणाला, "पूजा राहायला नको." मग ड्रायव्हरने टाकल्या. ट्रकवरच्या साखळीने गाडी ओढली, चाकं लिंबांवरून गेली, लिंबं फुटली, सगळ्यांनी खोबरं खाल्लं आणि गाडी ट्रकवर चढली. ऑस्ट्रेलियाला काय पाठवतोय हे चौघांपैकी एकानेही उच्चारलं नाही.

ट्रक वळणाआड गेला तेव्हा रंगरावांना खरोखरच भडभडून आलं. रिकाम्या जागेवर तेलाचा एक डाग तेवढा राहिला होता. आपण त्या गाडीला खोटं बोलून घराबाहेर काढलं, असं त्यांना वाटलं. शांताक्काकडे बघवेना. बिचारी नातीला भेटायच्या आशेने पूजा करते आणि आपण तिच्याच हातून तिचा घात करवला. त्या दिवसापासून ते स्वतः होऊन भाजी निवडून देऊ लागले.

दोन महिन्यांनी सकाळी शरतचा व्हिडिओ कॉल आला. तोंड उतरलेलं. गाडी बंदरावर अडकली होती. त्याने फोटो दाखवले: मोजपट्टीशेजारी मांडलेले तांदळाचे दाणे, एकेकाला नंबर दिलेला, जसा काही दरोड्याचा ऐवज. तांदळात किडे झाले होते, आणि ते जिवंत होते.

"ते म्हणतात, तीन ऑप्शन्स. इथे पुन्हा फुल क्लीनिंग करा, त्याला कितीतरी महिने लागतील. नाहीतर रिटर्न न्या. नाहीतर ते डिस्ट्रॉय करतील. कसं झालं हे अप्पा? सर्टिफिकेट होतं ना?"

"काय की बाबा," रंगराव म्हणाले. चेहरा त्यांनी दुःखी केला होता, पण पोटात गुदगुल्या होत होत्या. "दैव म्हणायचं. आता गाडीच नाही तर..."

"तेच सांगतोय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." शरतचा चेहरा एकदम उजळला. "ती जाऊ दे. मी इथे दुसरी बघितलीये. पांढरीच. ऑटोमॅटिक आहे, तुमच्या गुडघ्यांना बरी. तुमच्या नावावर घेतो. तिकिटं पुढच्या महिन्याची काढू?"

रंगरावांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. जुनी गाडी गेली की अट संपली, असं त्यांनी धरलं होतं. ती पुरी करायला दुसरी गाडीही चालते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पुढे करायला काही उरलं नाही. ॲसबेस्टॉस नाही, किडा नाही, सरकार नाही. शेजारी शांताक्का बसली होती आणि समोर पोरगा हसत होता.

"शरत," ते म्हणाले, "मला नाही रे यायचं."

"गाडीसाठी? अप्पा, सेम मॉडेल नाही मिळत इथे..."

"गाडी निमित्त. मला तिथे राहायचं नाही. तू चांगला आहेस, स्पंदना चांगली आहे. पण मला मागच्या सीटवर बसून मरायचं नाही."

शरत हळू आवाजात म्हणाला, "फोर इयर्स, अप्पा. आणि आई? तिला तरी विचारलंत?"

हेच राहिलं होतं. रंगरावांनी मान खाली घातली. "तिला मी फसवलं," ते म्हणाले. "पूजेच्या वेळी यादी आठवत होती मला. थांबवलं नाही. शांता, माझं चुकलं."

शांताक्का शेंगा सोलत होती. तिने परात बाजूला ठेवली.

"अय्यो, यादी तुम्हालाच आठवते काय? मला त्याने तीनदा वाचून दाखवली. दुसऱ्या ओळीत तांदूळ." ती फोनकडे वळली. "शरत, मलाही नको रे. त्या घरात दिवसभर मी कोणाशी बोलू? पण ह्यांनी गाडीची एवढी अट घातली. म्हटलं, ह्यांना गाडी घेऊन जायची हौस आहे. माणूस हौसेने निघालाय, तर मी कसं नको म्हणू? म्हणून मग अक्षता टाकल्या. नेम धरून टाकल्या."

रंगराव तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं.

"म्हणजे," शरत म्हणाला, आणि त्याचा आवाज हसण्याचा की रडण्याचा हे त्यालाही कळलं नसावं, "नको हा एक शब्द मला सांगायला तुम्ही दोघांनी एक अख्खी गाडी पर्थपर्यंत पाठवलीत?"

"तोंडाने सांगितलं असतं तर तू रडला असतास, अल्वा?" शांताक्का म्हणाली.

"आत्ता काय करतोय मग?"

शांताक्काने डोळ्यांना पदर लावला. रंगरावांना पोराच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण फोनच्या काचेवर काय फिरवणार? मागे वर्षिणी शाळेची पिशवी शोधत ओरडत होती. शरतने नाक पुसलं.

"दुसरा ऑप्शन टिक करतो. रिटर्न," तो म्हणाला. "दसऱ्यापर्यंत येईल गाडी. आम्हीही येतो मग. तिघंही."

"येच," रंगराव म्हणाले. गेल्या वर्षभरात त्यांचा आवाज इतका मोकळा झाला नव्हता. "बंगळूरला टॅक्सी वगैरे करू नकोस. मी येतो न्यायला. वर्षिणी पुढे बसेल आजीच्या मांडीवर."

"आणि मी?"

"तू मागे," रंगराव म्हणाले. "पट्टा लावून बस."