नाकाखालून गेलेली शेगडी

मी मिरच्या भाजायची शेगडी बोलतेय. अंग पत्र्याचं, पाय तीन. चौथा पाय होता, पण त्याचं सांगत बसले तर संध्याकाळ होईल. एक मात्र आधीच सांगते. मी चोरीची आहे आणि मला त्याची काडीइतकीही लाज वाटत नाही.

मोराव्हा नदीकाठी आमच्या गावात विजेच्या चुलींचा कारखाना होता. तो कामगारांच्या मालकीचा, असं फाटकावरच्या फलकावरच लिहिलेलं होतं. मग आपली वस्तू आपल्याच एका घरातून दुसऱ्या घरात नेली, तर ती चोरी कशी? आमचा ट्रायको वेल्डर म्हणायचा, "मी काही नेत नाही, फक्त जागा बदलतो." असा विचार करणारा तो एकटा नव्हता. पाळी संपत आली की अख्खं खातं घरचं काहीबाही घडवत बसे. कुणी कुंपणाचं दार, कुणी सशांचा पिंजरा. साहेबांच्या दिवाणखान्यातली फुलदाणीही त्याच खात्यातली.

ट्रायकोने मला तुकड्यातुकड्यांनी घडवलं आणि तुकड्यातुकड्यांनीच बाहेर काढलं. पोटाचा पत्रा त्याने अंगाला गुंडाळला, वर कोट चढवला आणि नवरदेवासारखा ताठ चालत फाटकाबाहेर पडला. पाय विजारीतून गेले. राहिलं झाकण. मनासारखं जाड बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठे मिळेना, तेव्हा पठ्ठ्याने थेट पहारेकऱ्याच्या चौकीतल्या कोळशाच्या चुलीचं दार उचकटलं. पहारेकरी रादिसाव त्या वेळी बाहेर खानावळीतल्या येलिकाची पिशवी तपासत होता आणि येलिका त्याच्याशी मुद्दाम कडाकडा भांडत होती. तो हिवाळा रादिसावने धुराने डोळे चोळत काढला. तरी छाती पुढे काढून सांगायचा, "माझ्या फाटकातून खिळासुद्धा बाहेर जात नाही."

दर शरद ऋतूत आमच्या अंगणात गल्ली जमायची. लाल लांबट मिरच्या माझ्यावर भाजायच्या, सोलायच्या, कढईत आटवायच्या आणि तो आयवार हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायचा. ट्रायको हातानेच मिरच्या उलटायचा. त्याची बायको देसांका चुली जोडायच्या खात्यात होती. तिथे दिवसभरात जमवलेल्या चहाड्या ती माझ्यासमोर मोकळ्या करायची. मला सगळ्यांची लफडी तोंडपाठ आहेत, पण मी शेगडी आहे, शेजारीण नव्हे.

मग राज्य बदललं आणि फलक उतरला. कारखाना कुणा नव्या मालकाने घेतला. त्याने एक चूलही बनवली नाही. यंत्रं कापली, ट्रकांत भरली आणि भरदिवसा, शिक्क्याच्या कागदांवर फाटकातून नेली. रादिसावने दोन्ही दारं उघडून सलाम ठोकला. मी कोटाखालून गेले ती चोरी. मग हे काय होतं? मला तेव्हा राग आला होता, अजून येतो. ट्रायको कुंपणाशी उभा राहून बघत होता. त्यानंतर तो फार बोलला नाही आणि फार जगलाही नाही. मी खोपटात पडले. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या.

कारखान्याची आता फक्त चौकी उरली आहे. जुन्या कामगारांनी ती मागून घेतली आणि आठवणींची खोली करायचं ठरवलं. ज्याच्याकडे कारखान्याचं जे असेल ते त्याने आणावं. किल्ली अर्थात रादिसावकडे. त्याने जाहीर केलं, "इमानदारीने मिळालेल्या वस्तूच आत येतील." झालं. खोलीत चार बिल्ले, सहलीचा एक फोटो आणि रादिसावची स्वतःची टोपी. गावातली खोपटं कारखान्याच्या मालाने भरलेली, पण पुढे यायची कुणाची छाती होईना.

देसांकाला एकच हवं होतं. ट्रायकोचं नाव त्या भिंतीवर लागावं. त्याला कधी बिल्ला मिळाला नाही. फोटोच्या वेळीही तो कुठेतरी ठिणग्या उडवत बसलेला. त्याच्या हातचं म्हणून तिच्याकडे मी होते, आणि माझ्या डोक्यावर रादिसावच्या चुलीचं ते दार होतं.

एका रविवारी तिने मला घासलं, उचललं आणि निघाली. चौकी जवळ आली तशी तिने मला कोटाखाली घेतलं. सत्तरी उलटलेली बाई दिवस भरल्यासारखी दिसू लागली.

दाराशी येलिका उभी होती. ती म्हणाली, "अगं बये, बाहेर नेताना लपवतात. तू आत नेतेयस."

"सवय गं," देसांका पुटपुटली.

"कोटाखाली काय आहे, वहिनी?" रादिसावने आतून विचारलं.

"काही नाही." जुनंच उत्तर तोंडून गेलं.

"काही नाहीला पाय दिसतायत."

त्याने मला टेबलावर ठेवलं. माझं झाकण बघितलं. मग ते उचलून कोपऱ्यातल्या त्याच्या जुन्या चुलीपाशी गेला आणि बिजागऱ्यांना लावून पाहिलं. चपखल बसलं. येलिका खिडकीबाहेर बघू लागली.

"दार तुमचं तुम्ही घ्या, भाऊजी," देसांका म्हणाली. "शेगडी तेवढी राहू द्या. त्याचं दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे."

रादिसावने दार बिजागऱ्यांवरून काढून हातात घेतलं.

"या फाटकातून काय काय गेलं, वहिनी. मी सलाम ठोकत राहिलो," तो म्हणाला. "परत आलेलं हे पहिलंच."

त्याने दार पुन्हा माझ्यावर ठेवलं. एक पुठ्ठा घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'माझ्या पहाऱ्यात, माझ्या नाकाखालून चोरलेली. चोर: ट्रायको, वेल्डर.' लिहून झाल्यावर तो पुठ्ठा त्याने देसांकापुढे धरला.

तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"आडनाव राहिलं," ती म्हणाली.

रादिसावने खाली लिहिलं: म्लादेनोविच.

पुढच्या रविवारी चौकीबाहेर रांग लागली, आणि रांगेतला एकेक कोट फुगलेला. आता भिंत चोरांच्या नावांनी भरत आली आहे. माझ्यात मिरच्या पडत नाहीत, पण करमतं. तुम्ही कधी इकडे आलात तर नुसतं बघून पुढे जाऊ नका. त्याचं नाव मोठ्याने वाचा, आडनावासकट. देसांका दर रविवारी येऊन तेच करते.