क्वेनची उतरण

गिटारीच्या तिसऱ्या पट्टीमागच्या खोलगटात धूळ बसली होती, ती थुअन सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला... गिटारीचं लाकूड पट्ट्यापट्ट्यांमधून त्यानेच कोरून काढलं होतं, तरुणपणी. तार आत दाबली की सूर चढावा, सैल सोडली की घरंगळत यावा — बायकोच्या गाण्यामागे साधी गिटार काय कामाची!

क्वेन ओसरीवर झोळीत पडून होती. गळ्याला रुमाल. ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच. आता नुसती कुजबुज. जीव वाचला हे बघा, डॉक्टर म्हणाले होते. बघतोच आहे.

"बाबा, आणलं!" तोआईने मोटरसायकलवरून भलामोठा स्पीकर उतरवला. आईचं रेकॉर्ड झालेलं एकुलतं एक गाणं त्याच्या जुन्या फोनमध्ये होतं, ते त्याने कान थो शहरातल्या स्टुडिओतून साफ करून आणलं होतं. शेजारचा मुओइ कॉफीचा पेला घेऊनच कालव्याच्या पुलावरून आला. "आधी मला ऐकव, नाहीतर तो डबा पाण्यात टाकीन!"

गाणं लागलं. तिचाच आवाज. पहिली लांबलचक ओळ... ओळीअखेरची उतरण जवळ आली तसं थुअनचं बोट आपोआप खोलगटात शिरलं आणि तार दाबून थांबलं — इथे ती हमखास उशीर करायची, सुरावर येता येता निसटायची, शेजारच्या सुराला नुसती शिवून परतायची, मींड लांबवत लांबवत, आणि मी तार धरून वाट बघायचो, लग्नाआधीसुद्धा बघायचो... 'इतकी कसली घाई हो?' म्हणायची नंतर, आणि हसायची... मग पायाखालची लाकडी टाळी, टक् — आणि दोघं एकदम खाली.

आवाज पायरी पायरीने उतरला. अगदी वेळेवर. त्याचं बोट मागेच राहिलं.

"पहिलं आहे ना रे तुझ्याकडे? साफ न केलेलं?"

"ते कशाला? जुन्या फोनबरोबर गेलं. त्यात आई सारखी घसरत होती, बाबा. स्टुडिओतल्या पोराने एकेक सूर सरळ करून दिला."

घसरत होती! अरे गाढवा, त्या घसरण्यासाठी लोक होड्या वल्हवत यायचे... पण तोआईने मायेनेच केलं होतं.

क्वेन उठून जवळ आली. डोळे भरलेले. "अहो," ती कुजबुजली, "मी इतकी छान गायचे?"

"हो तर."

"मग वाजवा की सोबत."

दुसऱ्यांदाही तो मागे पडला. "म्हातारा झालास लेका!" मुओइ खिदळला. तिसऱ्यांदा मात्र बोट वेळेवर पोचलं, आणि क्वेनने खूश होऊन पायाने टाळी धरली, टक्. थुअनने डोळे मिटून खरी उतरण शोधली... ओळीचे शब्द आले, तिचे ओठ आले, ते हसणं आलं, आणि आवाज मात्र पुन्हा पायरी पायरीने...

"परत लावू, बाबा?"

नको, म्हणायचं होतं. क्वेन त्याच्याकडेच बघत होती.

"लाव," तो म्हणाला. बोट खोलगटात टेकवून तो बसला. पण तिच्यासाठी किती थांबायचं असतं, हेच आता त्याला आठवेना.