शिकारीच्या दिवशीची सभा

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. शाळेची होते तेव्हा पिवळीधमक होते. आता चाकांत हवा नाही आणि पत्र्यावरच्या रंगाचे पापुद्रे निघताहेत. तरी आत या, बसा. पहिल्या सीटची स्प्रिंग वर आली आहे, तेवढी जपा.

कारखान्यातून निघाले ती थेट मिशिगनच्या उत्तरेला, बर्फाच्या गावात आले. गाव फिनलंडहून आलेल्या लोकांच्या नातवंडांचं. रोज सकाळी मी पोरांना घेऊन हवाई तळाच्या कुंपणाच्या कडेने जायची. विमान उठलं की पोरं कानांत बोटं घालायची आणि आणखी मोठ्यानं गाणं म्हणायची. तळावर गावाच्या चुली पेटत होत्या, म्हणून आवाजाची तक्रार कुणी करत नसे.

पुढे तळ बंद झाला. माणसं गेली, त्यांच्यामागे पोरं गेली. शाळेनं मला मोडीत काढलं, तेव्हा रेइनो हाविस्तो नावाच्या लाकूडतोड्यानं मला घेतलं. स्वतःसाठी नव्हे, वहिनीसाठी.

वहिनी म्हणजे लेम्पी. तिचा नवरा वैनो तळावर विमानांचे सुटे भाग धुवायचा. धुऊन उरलेलं विषारी द्रावण पिंपांत भरून कुंपणालगतच्या खड्ड्यात पुरायचं, असा वरचा हुकूम होता. वैनो मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, विहिरीचं पाणी तोंडात घेऊ नका, असं सांगायला एक माणूस लेम्पीच्या दारात आला.

लेम्पीला एकच हवं होतं. ती पिंपं उकरून बाहेर काढा. लष्कराला वर माती टाकून, गवत लावून मोकळं व्हायचं होतं.

अशा तळांच्या गावांत तेव्हा सल्लागार मंडळं असत. गावकरी आणि लष्कराची माणसं एका टेबलाशी बसत. मंडळाला हुकूम करता येत नसे, नुसता सल्ला देता येई. पण आमच्या गावचं मंडळ चालू होतं तोवर सफाईचा कुठलाही बेत आधी गावापुढे मांडावा लागे. लेम्पीच्या हातात तेवढीच दोरी होती.

"एकेकट्या गावाला हे टोलवतात," एकदा ती म्हणाली. "इथं सांगतात, अशी तक्रार फक्त तुमचीच. दुसऱ्या गावात जाऊनही हेच सांगत असणार."

"मग काय, साऱ्या देशाला विचारत फिरणार का, वहिनी?"

"फिरवणारा तू आहेस. माझी काही ना नाही."

झालं! मी निघाले. कुठं वाळवंटात रॉकेटचं इंधन जमिनीत मुरलेलं, कुठं समुद्रकाठी गोदीचा गाळ, कुठं मूळनिवासींच्या कुरणात न फुटलेले बाँब. प्रत्येक गावी चर्चच्या तळघरात सभा होई. लोक घरून भाजलेले पदार्थ आणत. लेम्पी वेलदोड्याचा गोड पाव कापायची आणि मंडळ कसं मागायचं, कसं टिकवायचं ते सांगायची. कितीतरी गावांना तिनं एकमेकांची ओळख करून दिली. निघताना लोक माझ्या पत्र्यावर थाप मारत, जणू मी त्यांची घोडीच. खोटं कशाला सांगू, मी फुगून गेले होते.

आमच्याच गावच्या मंडळाची उन्हाळ्यातली सभा मात्र ओस पडली. मंडळातले बरेचसे माझ्यात बसून दुसऱ्या गावी गेले होते.

मग नोव्हेंबरात, सगळ्या गावांचं मिळून एक मोठं संमेलन ठरलं. लेम्पीनं ते उभं करायला जिवाचं रान केलं होतं. निघताना रेइनोनं मला पोस्टापाशी थांबवलं. पोस्टातली उर्सुला हसतच बाहेर आली.

"अरे रेइनो, भिंतीवरची नोटीस वाचलीस? मंडळाची सभा. तारीख बघ!"

तारीख हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवसाची होती. मित्रांनो, त्या दिवशी आमच्या गावात शाळा नसते, दुकान नसतं, न्हावीसुद्धा रानात असतो. त्या दिवशी सभा होत नाही, इतकंच काय, कुणी मरतसुद्धा नाही, असं लोक म्हणतात.

"छापणाऱ्यानं ढोसली असणार," रेइनो म्हणाला. माझ्यात बसलेले सगळे खदखदून हसले.

लेम्पी हसली, पण म्हणाली, "प्रुइटना एक फोन करू या का?"

प्रुइट म्हणजे लष्करातर्फे मंडळ चालवणारे अधिकारी.

"वहिनी, तो माणूस दर वर्षी माझ्याकडून हरणाचं सॉसेज नेतो. त्याला कळत नाही होय? चला, उशीर होतोय."

फोन राहिला. संमेलनात देशभरच्या गावांनी उभं राहून लेम्पीसाठी टाळ्या वाजवल्या. इकडे मंडळाचे उरलेले सभासद बंदुका घेऊन झाडांवर बसले होते. आणि सभागृहात प्रुइट रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून, घड्याळ बघून, उठून गेले.

परत आलो तेव्हा प्रुइट सभागृहाला कुलूप लावत होते. लेम्पी माझ्या पायरीवरूनच ओरडली, "शिकारीच्या दिवशी सभा ठेवलीत?"

"नोटीस वेळेवर लावली होती, बाई. उन्हाळ्यातही कुणी आलं नाही. गावाला रस नाही, असं वर कळवावं लागलं. मंडळ बंद झालं."

"रस नाही? ह्याच कामासाठी मी अर्धा देश पालथा घातला!"

"इथं खुर्च्या रिकाम्या होत्या," प्रुइट शांतपणे म्हणाले.

रेइनोची मान खाली गेली. "माझं सॉसेज खाताना लाज नाही वाटली?" एवढंच तो पुटपुटला.

बर्फ वितळल्यावर यंत्रं आली. बेत दाखवायला मंडळच नव्हतं. खड्ड्यावर माती पडली, गवत पेरलं, तारेचं कुंपण झालं. लेम्पी माझ्या खिडकीतून बघत राहिली. गावानं नवं मंडळ मागितलं. उत्तर आलं, सफाई पूर्ण झाली आहे, आता मंडळ कशाला?

एका दुपारी वाळवंटातल्या गावाचा फोन आला. त्यांच्या मंडळानं हट्ट धरला आणि त्यांचा खड्डा उकरला गेला. लेम्पीमुळेच झालं, म्हणाले. ती येऊन माझ्यात बसली.

"चांगलीच बातमी ना, वहिनी?" रेइनो दबकत म्हणाला.

"चांगलीच. मी लोकांची अंगणं झाडत बसले, आणि लष्कर माझ्या घरचा उकिरडा गवताखाली झाकून गेलं. तुझाही राग नाही रे. हसले तर मीही होते."

त्यानंतर तिनं मला कुठं नेलं नाही. लेम्पी अजून प्यायचं पाणी डब्यांतून विकत आणते. मी शेताच्या कडेला उभी आहे.

मित्रांनो, मला रंग लावा, असं मी म्हणत नाही. माझं मागणं निराळं आहे. दूरच्या गावाच्या मदतीला जरूर जा, पण आपल्या गावची खुर्ची कुणाच्या तरी हवाली करून जा. आणि नोटिशीवरची एखादी तारीख वाचून हसू आलं, तर हसत पुढे जाऊ नका. आधी विचारा. ती लिहिणारा हसत नसतो.