बंडूजीच्या घरची फोडणी

माझं नाक लांब आहे आणि जीभ त्याहून लांब आहे, असं आमच्या गावातले लोक म्हणते. म्हणू द्या. मी कुंताबाई, भाजीवाली. देवळीच्या रस्त्याले लागून माझी भाजीपाल्याची वाडी आहे. रोज डोक्यावर टोपलं घेऊन वांगे, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर विकत गावभर फिरते, तर कोणाच्या चुलीवर काय शिजून राह्यलं हे मले नाई कळणार तर कोणाले कळन? नव्या पंचायतीत एक बाई-मेंबर पाहिजे होती म्हणून मले घेतलं. सरपंच बापूरावाले वाटलं, बाई आहे, कोपऱ्यात बसन आणि मान हलवन. फसले बिचारे.

ते साल देवीच्या साथीचं. आमच्याकडं तिले रोग म्हणत नाई, माता म्हणते. ज्या घरात माता येते, त्या घरात फोडणी देत नाई. तेल तडतडलं, मिरचीचा धूर झाला, तर मातेले त्रास होते आणि ती कोपते, असं आमच्या बायका मानते. मंग वरण बिनफोडणीचं, भाजी नुसती उकडलेली. त्यामुळं डॉक्टरच्या आधी मले कळे. सांजच्याले साऱ्या गल्लीतून फोडणीचा वास येऊन राह्यला आणि मधलंच एक घर गप असलं, की मी तिथं टोपलं खाली ठेवत होती आणि सरळ विचारत होती, "काय वं, पोरं बरे आहे ना?"

तालुक्याच्या जनपद सभेनं टोचणीवाला धाडला होता. आनंदराव त्यायचं नाव. मोठा शांत माणूस. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, वरून सुई फिरवायची, झालं. पण गावात भलतंच सुटलं होतं. टोचलं की हात वाळते. टोचलेल्या पोरायले सरकार खूण पाहून घेऊन जाते. लोक पोरायले घेऊन पऱ्हाटीच्या वावरात जाऊन बसले. तवा आमच्या बंडूजी कोतवालानं चावडीपुढं सगळ्यायच्या देखत बाही वर केली, टोचून घेतलं, आणि मंग बायकोले, पोराले ओढत आणून टोचवलं. त्याच्या भरवशावर पहिल्या फेरीत अर्धं गाव तरी आलं.

आणि मी पंचायतीत भांडून एक गोष्ट करून घेतली. रोज दिवे लागायच्या आधी बंडूजीनं चावडीपुढं उभं राहून खबर द्यायची. कोणत्या घरी माता आहे, पोरगं कसं आहे, आनंदराव पुन्हा कधी येते. बापूराव म्हणे, "बाई, लोक घाबरतीन." मी म्हटलं, "लोक घाबरलेच आहे. फक्त काय झालं हे माहीत नसताना घाबरले आहे." माता गावात असली की डफडं वाजवत नाई, म्हणून बंडूजी नुसत्या गळ्यानं सांगे. गळा असा, की मळ्यात मोट हाकणारा गडीही ऐके. हळूहळू लोकायले सवय लागली. भांडत, कुरकुरत, पण खबर ऐकायले येत.

दुसरी फेरी उद्यावर आली होती. राहिलेलं अर्धं गाव उद्या टोचायचं होतं. त्या दिवशी दुपारी मी बंडूजीच्या गल्लीत शिरली आणि मले ठसका लागला.

फोडणी. तीही अशी तशी नाई, मोहरी, लसूण, वाळल्या मिरच्या, सारं काही. डोळ्यात पाणी आलं. आता बंडूजीची बायको रुखमा कशी, तर तेलाच्या भांड्यात बोट बुडवून त्याच बोटानं भाजी करणारी. मी तिले चिडवत होती, की तुझी तेलाची बाटली नातवाच्या लग्नालेही पुरन. आणि सकाळी मी इथून गेलती तवाही असाच वास होता. काल सांजच्यालेही होता. मी टोपलं खाली ठेवलं.

"काय वं रुखमा, जावई आला का पंगत आहे?"

रुखमा दारात येऊन उभी राहिली. दार अडवून. "नाई बाई, सहज."

"सहज?"

"घरधन्याले तिखट खावंसं वाटलं."

चार शब्द बोलली आणि चारही वेळा तिचे डोळे मागं गेले. आणि त्या मिरचीच्या धुरातूनही मले कडुलिंबाचा वास आला. मी तिले बाजूले सारलं आणि आत गेली. कोणाच्या घरात असं घुसू नाई, मले माहीत आहे. घुसली.

खाटेवर लिंबाचा पाला, पाल्यावर तिची नात सगुणा. लेकीची पोरगी. तिकडं गिरडकडं तिच्या गावात माता आली म्हणून बापानं हिले इकडं आणून सोडली होती, पहिली फेरी होऊन गेल्यावर. पोरीच्या तोंडावर सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी नव्हती. डोळे सुजून बंद. आणि चुलीवर त्याच घरात फोडणी धुपून राह्यली होती.

मी काही बोलायच्या आधी रुखमा खाली बसली आणि माझे पाय धरून रडायले लागली. पकडली गेली म्हणून नाई रडली ती. "कुंताबाई, मी मातेच्या डोळ्यात मिरचीचा धूर घातला. त्यायनं सांगतलं, फोडणी नाई दिली तर कुंताबाईले कळन. म्हणून मी रोज देते आणि रोज मातेच्या पाया पडते. माझी पोरगी गेली तर माझ्या या हातानं गेली."

मी जन्मात कोणाच्या रडण्यानं गप झाली नाई, पण तवा झाली. माझ्या नाकाले चुकवायसाठी त्या बाईनं देवाशी वाकडं घेतलं होतं. मी चुलीतलं लाकूड ओढलं, पाणी मारलं आणि तिले म्हटलं, "रुखमा, माता बाई आहे. बाईले समजते तू कोणत्या भीतीनं केलं. बस पोरीपाशी." खरं सांगते, मले तरी काय ठाऊक मातेले काय समजते? पण तिले तवा तेच पाहिजे होतं आणि मले दुसरं सुचलं नाई.

बंडूजी आला तवा माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. त्यानं मले आत पाहिलं आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

"बंडूजी, काल सांजच्याले चावडीपुढं काय सांगतलं तुमी? गावात नवं घर नाई म्हणून सांगतलं ना?"

"सांगतलं," तो म्हणे. आवाज एवढासा.

"काऊन?"

"फक्त उद्याची सकाळ निघू द्या, बाई. माझ्याकडं पाहून लोकायनं टोचून घेतलं. माझ्याच घरात माता निघाली हे कळलं, तर उद्या कोन दंड पुढं करन? राहिलेले सारे पोरं तसेच राहतीन. टोचणी होऊ द्या. मंग मी स्वतः चावडीवर सांगतो, मंग मले काय म्हणायचं ते म्हणा."

आता सांगा. माणूस चोर नव्हता. आपली पोरगी लपवून तो गावाचे पोरं वाचवायले पाहत होता. एक घडी मलेही वाटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. मी भित्री नाई, पण मीही ते चावडीपुढचं मोकळं अंगण डोळ्यापुढं पाहिलं. एकही पोरगं नसलेलं.

मंग भिंतीपलीकडून धुरपताची तान्ही रडली. धुरपता त्यायची शेजारीण, मधात एक कुडाची भिंत. ती पोरगी अजून टोचली नव्हती.

"बंडूजी," मी म्हटलं, "मागच्या टाइमाले आनंदराव टोचत होते तवा पोरायले मांडीवर धरून कोन बसलं होतं?"

त्यानं आत येऊन सगुणाच्या तोंडावरची माशी हाकलली.

"तुमी बसले होते. उद्याही तुमीच बसान. याच कपड्यानं या घरातून उठून जाऊन, गावाचे सारे पोरं एकेक करून मांडीवर घेऊन. लस आज टोचली तर आजच लागत नाई. आणि रुखमा रोज धुरपताच्या पोरीले तेल लावते ना?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो खाली बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

"मंग तुमी सांगा," तो म्हणे. "पंचायतीतर्फे सांगा. माझ्यानं नाई होणार."

"मी सांगतलं तर चुगली होते. तुमी सांगतलं तर खबर होते."

सांजच्याले मी चावडीपुढं उभी होती. लोक नेहमीसारखे जमले. बंडूजी आला, पण लोकायपासून दूर, रस्त्याच्या पलीकडं थांबला. कोनी तरी हाक मारली, इकडं या. त्यानं हातानंच नाई म्हटलं.

"ऐका हो," तो म्हणे. आवाज फाटला. पुन्हा म्हणे, "ऐका. गावात एका नव्या घरी माता आहे. बंडू कोतवालाचं घर. नात आहे, सगुणा. तीन दिवस झाले. काल मी नवं घर नाई म्हणून सांगतलं, ते खोटं होतं."

नत्थू पाटणकर पुढं आला. त्याचे पोरं पहिल्या फेरीत वावरात लपले होते. "म्हणजे टोचून काही होत नाई! आमी हेच सांगत होतो!"

"माझ्या घरात आमी चौघं आहो," बंडूजी म्हणे. "तिघायले टोचलं. तिघं एकाच खोलीत तिच्यापाशी झोपतो आणि तिघं धडधाकट आहो. तिले टोचलं नव्हतं. ती खाटेवर आहे. आता तुमीच समजा." मंग त्यानं धुरपताकडं पाहिलं. "धुरपता, तुझ्या पोरीले रुखमा घेत होती. उद्या तिले पहिली टोचव. मी उद्या येणार नाई, घरातून निघणार नाई."

धुरपतानं त्याले काय काय ऐकवलं ते मी इथं सांगत नाई. त्याच्या सात पिढ्या काढल्या तिनं. शेवटी तान्हीले छातीशी धरून घरी गेली आणि दार लावून घेतलं. लोकही पांगले. कोनी माझ्याशी बोललं नाई. बापूराव जाता जाता म्हणे, "झालं ना समाधान?"

सकाळी आनंदराव बसमधून उतरले, पेटी उघडली, पाणी उकळलं, सुया त्यात टाकल्या. चावडीपुढं मी, बापूराव आणि एक कुत्रं. ऊन वर चढलं. मी आनंदरावाले सगळं सांगतलं. ते म्हणाले, "बाई, दुपारपर्यंत थांबल्या असत्या तर..."

"तर तो पोरायले मांडीवर घेऊन बसला असता," मी म्हटलं. पण मले स्वतःलेच माझा आवाज बरा वाटला नाई. मी चुकली असीन तर? एक माणूस खोटा पाडला, एक बाई रडवली, आणि पोरं तर तसेच राहिले. मी देवाले हात जोडणारी बाई नाई, पण त्या घडीले जोडले होते.

तवा धुरपता आली. रात्रभर रडलेली दिसत होती. कोणाकडं पाहिलं नाई. सरळ आनंदरावापुढं बसली आणि तान्हीचा दंड उघडा केला.

"टोचा," ती म्हणे. "बंडूजीचं तोंड मले पाहायचं नाई. पण ज्यानं आपल्या घरचं चव्हाट्यावर सांगतलं, तो टोचणीचं खोटं कायले सांगन?"

तिच्या मागं तिची जाऊ आली. मंग आणखी कोनी. भाकरी टाकायच्या वेळेपर्यंत रांग वडापर्यंत गेलती, आणि रांगेत नत्थू त्याच्या पोरायचे कान धरून उभा होता. पोरं मांडीवर धरायले मी बसली; बंडूजीच्या घरून आली तवाच न्हाऊन ते लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं होतं. एकानं मले चावलं, दुसऱ्यानं लुगडं ओलं केलं. मी दिवसभर हासत होती.

सांजच्याले मी चावडीपुढं गेली. बंडूजी घरात बंद, तर आजची खबर मीच देणार होती. लोक जमलेच होते. मी तोंड उघडलं, तर नत्थू म्हणे, "तुमी थांबा, बाई." आणि तो बंडूजीच्या गल्लीकडं चालायले लागला. मागं धुरपता, मागं सारे. घरापासून चार हात दूर, रस्त्यावरच उभे राहिले. नत्थूनं हाक मारली, "बंडूजी! आज खबर नाई का?"

दाराआडून तो गळा आला, नेहमीचा, साऱ्या गल्लीले पुरणारा.

"ऐका हो. बंडू कोतवालाचं घर. सगुणानं आज पाणी मागितलं. एक डोळा उघडला. दुसऱ्याचं अजून कळत नाई. ताप आहे. वाचते का नाई, पक्कं सांगता येत नाई. उद्या काय होईन ते उद्या सांगीन."

कोनी हललं नाई. रुखमाच्या रडण्याचा आवाज येत होता. नत्थूनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"सांगजो," तो म्हणे. "आमी ऐकायले येतो."